मोकळ्या जागेसाठी अनुदान मागताय? निवड समितीच्या बाजूने काही गोष्टी

सार्वजनिक जागांच्या सुधारणेसाठी छोटी अनुदानं देणाऱ्या एका निवड समितीवर मी काही वर्षं आहे. त्याआधी नोकरीभर हिशेब तपासले. त्यामुळे अर्ज हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडते. अंदाजपत्रक तिथे असतं, आणि अर्जदारांनी कामाचा किती विचार केलाय हे पहिल्या पानावरच्या कळकळीपेक्षा तिथे लवकर कळतं. मागण्या साधारण ठरलेल्या असतात. बाक, सावली, झाडं, मुलांची खेळायची जागा, सामायिक बाग, वाचायचा कट्टा. यात नाकारण्यासारखं काहीच नसतं. तरी पुष्कळ अर्ज बाजूला पडतात, कारण वस्तू बसवून झाल्यावर पुढे काय, याचा अर्जात पत्ताच नसतो. म्हणून अर्जाची तयारी त्या टोकाकडून सुरू करा, असं मी सगळ्यांना सांगते.

आधी जागा बघा

विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे लावून लोक नेमके कुठे बसतात हे टिपलं. निष्कर्ष ऐकून हसू येईल: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. पण ज्या चौकांवर भरपूर खर्च झाला होता त्यांतल्या अनेकांत बसायची धड सोयच नव्हती, हेही त्यातूनच पुढे आलं. त्या कामाच्या आधारे शहराने १९७५ मध्ये अशा चौकांचे नियम बदलले. त्याच्या चित्रणात आणखी एक गंमत दिसते. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो, बऱ्याचदा काही कारण नसताना.

तुम्हाला कॅमेऱ्याची गरज नाही. वही पुरते. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्या जागेवर अर्धा-अर्धा तास थांबा आणि दिसेल ते लिहा. किती जण नुसते पुढे निघून गेले, किती थांबले, कुठे टेकले, ऊन कुठवर आलं, पाणी कुठे साचतं. बायका एकट्या थांबतात का? अंधार पडल्यावर कोण उरतं?

एका अर्जात अशी नोंद वाचली होती: दोन वयस्कर माणसं रोज कठड्याला टेकून उभी राहतात, शेजारी दगडी ओटा रिकामा असूनही. विचारल्यावर कळलं की ओटा फार बुटका आहे, एकदा बसलं की उठता येत नाही. त्या गटाने मग साधा बाक मागितला नाही. बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, पाठ टेकायला आधार, आणि उठताना जोर द्यायला दोन्ही बाजूंना हात असलेला बाक मागितला. बैठक अखंड फळीची न ठेवता पट्ट्यांची, म्हणजे पावसाचं पाणी थांबणार नाही. पाय जमिनीत पक्के केलेले, पण फळ्या बोल्टने जोडलेल्या, म्हणजे एक मोडली तर तेवढीच बदलता येईल. अख्ख्या अर्जात विशेषणं जेमतेम होती. आम्ही फारशी चर्चा न करता तो मंजूर केला.

लोकांना विचारताना

‘तुम्हाला इथे काय हवं?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर ठरलेलं असतं: बाग आणि दिवे. त्याऐवजी ‘इथे थांबावंसं का वाटत नाही?’ असं विचारा. बैठकीला जे आले त्यांच्यावर समाधान मानू नका. बैठकीला येतात ते नेहमीचेच, आणि त्यांतले दोघं-तिघंच बोलतात. मुलं, रात्रपाळी करणारे, लहान बाळ असलेल्या आया, नव्याने राहायला आलेली कुटुंबं बैठकीला येत नाहीत. त्यांच्यापर्यंत तुम्हालाच जावं लागतं.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात लोकांचं मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे, आणि तीही त्यांनी नावापुरत्या सहभागातच मोजली आहे. मत विचारलं पण निर्णय आधीच झाला होता, हे लोकांना बरोबर कळतं. तेव्हा काहीतरी खरोखर त्यांच्या हातात द्या. दोन आराखड्यांतला एक निवडणं, झाडांची जात ठरवणं, दिवे किती वाजता मालवायचे हे ठरवणं. लहान असलं तरी चालेल, पण ते ठरवतील ते पाळायचं.

आणि एक प्रश्न प्रत्येक गटाने स्वतःला विचारावाच: या सुधारणेमुळे कुणाची जागा जाणार आहे? जिथे तुम्ही फुलझाडं लावणार तिथे आज मुलं चेंडू खेळत असतील तर कुंपण घातल्यावर पहिला चेंडू त्या फुलांतच पडेल. हा मुद्दा अर्जात स्वतःहून लिहिलेला दिसला की आमचा विश्वास वाढतो. लपवला तर तक्रार होऊन तो आमच्याकडे पोचतोच.

जागा कुणाची?

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. जागेचा मालक कोण, वापराची परवानगी कोण देणार, ती लेखी आहे का, किती काळासाठी आहे. ‘तोंडी होकार मिळाला आहे’ याला आमच्या लेखी किंमत नाही. होकार देणारे अधिकारी बदलतात. खोदकाम असेल तर जमिनीखालून पाण्याचे पाइप, वीज किंवा टेलिफोनच्या केबल जातात का, ते विचारून घ्या. ना हरकत पत्र हातात नसेल तर अर्ज पुढच्या फेरीत करा.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर पैसे कुणाच्या खात्यात येणार हेही आताच ठरवा. बऱ्याच योजना एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करू देतात. पण त्या संस्थेशी हिशेब कोण ठेवणार, सही कुणाची, हे लेखी करून घ्या. ओळखीच्या संस्थेशी तर नक्कीच.

अंदाजपत्रक

योजनेची सूचना वाचताना दोन ओळी शोधा. पहिली, पैसे आधी मिळणार की खर्च करून पावत्या दिल्यावर. दुसरी, देखभालीचा खर्च चालतो की फक्त वस्तू आणि बांधकाम. पैसे मागाहून मिळणार असतील तर मधल्या काळात ठेकेदाराला कोण देणार? अनेक छोटे गट मंजुरीचं पत्र हातात घेऊन याच ठिकाणी थांबलेले मी पाहिलेत.

प्रत्येक बाब सुटी लिहा: नग, दर, रक्कम. ‘बाग सुशोभीकरण, एकरकमी’ अशी ओळ दिसली की माझी पेन्सिल तिथेच थांबते. एकापेक्षा जास्त दरपत्रकं घ्या आणि ती किती दिवस वैध आहेत ते बघा. अर्ज ते मंजुरी यात महिने जातात, तोवर दर चढलेले असतात. लोक हमखास विसरतात त्या बाबी म्हणजे वाहतूक, उतरवण्याची मजुरी, जुनं तोडून राडारोडा उचलणं, कर, परवानगीचं शुल्क, विमा. आकस्मिक खर्चासाठी पाच ते दहा टक्के ठेवा, आणि योजनेत तशी मुभा आहे ना ते तपासा. शेवटी बेरीज दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. हास्यास्पद वाटेल, पण बेरीज चुकलेले अर्ज येतात, आणि येतातच.

आपला वाटा पैशातच असावा लागतो असं नाही. सिएटल शहरात १९८८ पासून वस्त्यांसाठी असा निधी चालतो, की त्यात लोकांनी आपल्या बाजूने जे घालायचं ते श्रमदान, साहित्य किंवा व्यावसायिक सेवेच्या रूपातही मोजलं जातं. तुमच्या योजनेत ही सोय असेल तर श्रमदानाची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, नाव, काम, सुरू आणि संपल्याची वेळ, सही. महिन्यानंतर आठवून भरलेली वही ओळखायला अजिबात अवघड नसते. सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच तिरक्या अक्षरात असतात.

लिहायचं कसं

‘परिसराचा सर्वांगीण विकास साधून सामाजिक सलोखा वृद्धिंगत करणे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की डोळे त्यावरून घसरतात. त्याच्या जागी असं लिहा: ‘बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर बसायला एकही जागा नाही. आमच्या नोंदींनुसार सकाळी या वाटेने जाणारे बरेच जण वयस्कर असतात. वाटेत सावलीत दोन बाक ठेवायचे आहेत.’ कुणासाठी, कुठे, काय, एवढं पुरे. स्वतः मोजलेले आकडे द्या. फोटो द्या, पण माणसं नसलेल्या रिकाम्या जागेचा एकच नको. गर्दीच्या वेळेचाही द्या.

मागणी छोटी ठेवायला घाबरू नका. वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून पुढची तीसेक वर्षं मुलांसाठी खेळाच्या जागा आखल्या, सातशेच्या वर. सामान काय, तर वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी, उड्या मारायला गोल ठोकळे. पडक्या, रिकाम्या भूखंडांवर मावेल एवढंच. मुलांनी त्यांचे खेळ स्वतः शोधले. रंगीबेरंगी तयार खेळणीसंच मागणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या वेळी मला हे आठवतं. तो संच महाग असतो, आणि त्याचा एक सुटा भाग मोडला की तो नेमका मिळत नाही.

मंजुरीनंतर

करारपत्र सगळ्यांनी बसून वाचा, फक्त अध्यक्षांनी नको. काम सुरू होण्याआधी ठरलेल्या दोन-तीन जागांवरून फोटो काढा आणि नंतरचेही अगदी तिथूनच काढा. ठेकेदाराला टप्प्याटप्प्याने पैसे द्या, आणि शेवटचा हप्ता काम तपासून झाल्यावरच. अनुदानाचं खातं वेगळं ठेवता आलं तर उत्तम. नाही तर निदान रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वेगळी ठेवा. औष्णिक कागदावरच्या, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा मिळाल्या दिवशीच त्यांची छायाप्रत काढा.

मध्येच काही बदलावं लागलं, उदाहरणार्थ ठरलेल्या जागी खडक लागला, तर आधी कळवा आणि लेखी मान्यता घ्या. अनुदान देणारे बदलाला सहसा नाही म्हणत नाहीत. अहवालात अचानक समजलं की मात्र चिडतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

देखभालीचा कागद

आता सुरुवातीला म्हटलं ते टोक. ‘देखभाल स्थानिक नागरिक करतील’ हे वाक्य म्हणजे कुणीच करणार नाही असं मी धरते. मला एक साधा तक्ता हवा असतो. झाडांना पाणी कोण घालणार, तो गावाला गेला तर कोण, पाण्याचा नळ कुठे, नळाचं बिल कुणाच्या नावे. बोल्ट कधी तपासणार, रंग किती वर्षांनी, त्याचे पैसे कुठून. हत्यारांच्या पेटीची किल्ली कुणाकडे. नव्या झाडांची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात नाजूक असतात, तेवढी तरी नावानिशी भरलेली हवीत.

सामायिक साधनं लोक स्वतः कशी टिकवतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं अभ्यासली, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीतले दोन मुद्दे छोट्या जागेलाही लागू पडतात. वापरणाऱ्यांचा नियम ठरवण्यात हात असला पाहिजे, आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा सौम्य समज, मग हळूहळू कडक. सामायिक बागेत वाफा ओसाड ठेवणाऱ्याचं काय करायचं, हे वाफे वाटण्याआधी ठरलं तर भांडण नियमाशी होतं. नंतर ठरवायला गेलात तर ते माणसाशी होतं.

अहवाल लिहिताना पुन्हा तीच वही काढा आणि पहिल्यासारख्याच वेळांना, तेवढाच वेळ थांबून मोजा. ‘चार बाक बसवले’ ही फक्त पूर्तता. तिथे आता कोण बसतं, किती वेळ, आणि कोण अजूनही येत नाही, हे आम्हाला वाचायचं असतं. कमी पडलेलं लिहिल्याने पुढचं अनुदान जात नाही. पैसे उरले असतील तर ते किरकोळ खर्चात जिरवू नका. योजनेला पत्र लिहा, परत करायचे की देखभालीला वापरू द्याल असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत खात्यातच ठेवा. पावत्या, नोंदवही, ना हरकत पत्र आणि हे उत्तर एकाच फायलीत लावा, आणि करारात लिहिली असतील तेवढी वर्षं ती फाइल कुणा एकाच्या घरी न ठेवता सगळ्यांना माहीत असलेल्या कपाटात ठेवा.