जुन्या टी-शर्टांपासून वेणीचा मऊ गालिचा

गालिचा पायाला मऊ लागेल की टणक, हे बरेचसे कापड निवडतानाच ठरते. सुती टी-शर्ट, बनियन, रात्रीचे ढगळ कपडे यांचे होजियरी कापड या कामासाठी सर्वांत चांगले, कारण ते कापल्यावर उसवत नाही आणि पट्टी ओढली की तिच्या कडा आत वळून तिचा गोलसर, भरदार दोर होतो. चादरी आणि सदरे यांचे साधे विणलेले कापडही चालते, पण त्याचे धागे सुटत राहतात, म्हणून वेणी घालताना कडा हाताने आत दुमडाव्या लागतात. जीनचे कापड टिकाऊ असले तरी कडक असते आणि कृत्रिम धाग्याचे कापड पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे न्हाणीघरासमोर टाकायच्या गालिच्यात ही दोन्ही घालू नयेत.

कपडे आधी धुऊन पूर्ण वाळवावेत. गडद लाल, निळे आणि काळे कपडे वेगळे धुवावेत आणि त्यांचे पाणी रंगीत येणे थांबेपर्यंत ते कापायला घेऊ नयेत, कारण गालिचा तयार झाल्यावर एका पट्टीचा रंग दुसरीवर उतरला तर त्याला इलाज नसतो. छातीवरचे जाड, रबरासारखे छापील चित्र मात्र काढूनच टाकावे. ते पायाला टोचते आणि तिथे पट्टी वळत नाही.

एका टी-शर्टातून एकच लांबलचक पट्टी काढता आली, तर जोड कमी येतात. टी-शर्ट सपाट अंथरून काखेखाली आडवा छेद घ्यावा आणि खालची दुमडपट्टी काढून टाकावी, म्हणजे कापडाची एक नळी उरेल. ती अशी घडी करावी की एका बाजूची कड दुसऱ्या कडेच्या सुमारे ५ सेंमी अलीकडे राहील. मग घडीच्या बाजूने ५ सेंमी अंतरावर काप देत जावे; काप अलीकडची कड ओलांडून थोडे पुढे जावेत, पण पलीकडची कड अखंड राहिली पाहिजे. शेवटी ही न कापलेली जागा उघडून पसरावी आणि समोरासमोरचे काप एकमेकांना न जोडता, एका बाजूचा काप पलीकडच्या पुढच्या कापाशी कात्रीने तिरका छेद देऊन जोडत न्यावा. नळी उलगडत एकच पट्टी होईल. ती हातभर अंतरावर धरून ओढत गेले की तिचा दोर होतो.

दोन पट्ट्या जोडताना गाठ मारणे सोपे वाटते, पण ती गाठ पुढे पायाखाली कायम जाणवत राहते. त्यापेक्षा दोन्ही टोके तिरकी कापून एकमेकांवर ठेवावीत आणि सुईदोऱ्याने शिवावीत. तिन्ही पेडांचे जोड एकाच ठिकाणी येऊ नयेत, म्हणून सुरुवातीच्या पट्ट्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या घ्याव्यात.

तीन पेडांची वेणी घालताना हात सैलसर पण एकसारखा ठेवावा. फार आवळलेली वेणी दोरखंडासारखी कडक होते आणि फार सैल वेणीत बोटे अडकतात. आधी वीतभर वेणी घालून तिची रुंदी मोजावी, म्हणजे किती कापड लागेल याचा अंदाज बांधता येतो. वेणी २.५ सेंमी रुंद असेल, तर ६० सेंमी व्यासाच्या गोल गालिच्याला सुमारे ११ मीटर वेणी लागते. गुंफताना लांबी घटते, म्हणून प्रत्येक पेड त्याहून बराच लांब ठेवावा.

खरे कसब वेणी गोल फिरवून जोडण्यात आहे. हे काम मांडीवर न करता टेबलावर किंवा जमिनीवरच करावे, नाहीतर गालिचा सपाट आहे की नाही हे कळत नाही. जाड, मजबूत दोरा आणि बोथट टोकाची मोठी सुई घ्यावी. कापडाला भोसकून टाका न घालता, शेजारच्या दोन वेण्यांच्या पेडांमधून आळीपाळीने सुई काढावी; असा दोरा वेणीत लपतो आणि कापड फाटत नाही. प्रत्येक नवा फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा वेणीच्या रुंदीच्या सुमारे सव्वासहा पट, म्हणजे इथे जवळजवळ १६ सेंमी, लांब असतो. ही जादा लांबी सामावण्यासाठी ठरावीक अंतराने बाहेरच्या वेणीचा एक पेड टाका न घालता सोडावा. मधल्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हे वारंवार करावे लागते, पुढे अंतर वाढत जाते. कडा वर उचलल्या जाऊन वाटीसारखा आकार येऊ लागला, तर बाहेरची वेणी कमी पडते आहे. कडेला लाटा उठू लागल्या, तर ती जास्त झाली आहे. दोन्ही वेळी तिथवरचा दोरा उसवून पुन्हा जोडावे. इस्त्रीने हा दोष जात नाही.

लंबगोल गालिचा हवा असेल, तर मधली सरळ वेणी लांबी वजा रुंदी इतकी घ्यावी. ९० बाय ६० सेंमीच्या गालिच्याला ती ३० सेंमी होते. पेड सोडायचे ते फक्त दोन्ही टोकांच्या वळणांवर, सरळ बाजूंवर नाही.

शेवटच्या वीतभर लांबीत तिन्ही पट्ट्या हळूहळू निमुळत्या कापाव्यात, वेणी बारीक करत आणावी आणि तिचे टोक आधीच्या फेऱ्यात खोचून घट्ट शिवावे. गुळगुळीत फरशीवर गालिच्याखाली रबरी जाळी अंथरणे आवश्यक आहे. धुताना थंड पाणी वापरावे आणि गालिचा न पिळता दाबून पाणी काढावे. दोरीवर टांगला तर भिजलेल्या कापडाच्या वजनाने तो ओढला जाऊन वाकडा होतो, म्हणून तो सपाट पसरून, अधूनमधून उलटवत, मधला भागही कोरडा होईपर्यंत वाळवावा.