आधी परवाना, मग टाइमलाइन

सातारा जिल्ह्यातील कुंभारकामावर एका स्वयंसेवी संस्थेसाठी केलेला २४ मिनिटांचा माहितीपट हे स्वतंत्र संकलक म्हणून माझे पहिले मोठे काम होते. फिरत्या चाकाच्या लयीला चपखल बसणारा सरोदचा एक तुकडा मला इंटरनेटवरील एका संगीतसंग्रहात सापडला. पानावर ठळक अक्षरांत ‘रॉयल्टी-फ्री’ असे लिहिले होते आणि मी तेवढेच वाचले. त्या तुकड्याच्या मात्रांवर भट्टीचा संपूर्ण प्रसंग मी कापला. संस्थेला तो आवडला. चार महिन्यांनी बांधकाम साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने संस्थेला देणगी देऊ केली आणि बदल्यात माहितीपटातील दीड मिनिटाचा भाग आपल्या जाहिरातीत वापरण्याची परवानगी मागितली. परवान्याचा मजकूर मी शेवटपर्यंत वाचला तो त्या दिवशी, आणि त्यात ‘केवळ अव्यावसायिक वापरासाठी’ अशी स्पष्ट अट होती. संस्थेचे सचिव फोनवर म्हणाले, “पण ताई, ते म्युझिक तर फुकटच होतं ना?”

भट्टीचा प्रसंग नव्याने कापायला नऊ दिवस गेले आणि त्यांचे पैसे मागायला मला तोंड नव्हते. आज मागे वळून पाहताना वाटते की माझी चूक संगीताच्या निवडीत नव्हती, कामाच्या क्रमात होती. संकलनाच्या खोलीत ‘टेम्प’ म्हणून ठेवलेले संगीत तात्पुरते राहतच नाही. दिग्दर्शकाचा कान त्याला सरावतो, कट त्याच्या ठोक्यांवर बसतात, आणि महिन्याभराने त्याच्या जागी दुसरे काहीही ठेवले तरी ते उपरे वाटते. म्हणून ज्या तुकड्याचा परवाना मी वाचलेला नाही, तो मी आता टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आणि आवाज क्रमाने मांडायच्या पट्टीवर, ठेवत नाही, अगदी ‘नुसते बघू या कसे वाटते’ म्हणूनसुद्धा नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी ही एक सवय पहिल्या कामापासून लावून घ्यावी, एवढ्यासाठीच हा अनुभव लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. रॉयल्टी म्हणजे प्रत्येक वापरामागे किंवा प्रत्येक प्रतीमागे हक्कधारकाला द्यावी लागणारी रक्कम. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही, एवढेच ‘रॉयल्टी-फ्री’ सांगते. एकदा ठराविक किंमत मोजावी लागते किंवा काही वेळा काहीच मोजावे लागत नाही, परंतु संगीताची मालकी संगीतकाराकडे किंवा कंपनीकडेच राहते आणि वापराच्या अटीही त्यांच्याच असतात. स्वामित्वहक्कच संपलेला असणे ही याहून अगदी निराळी गोष्ट आहे, आणि त्या बाबतीत मराठी मंडळींचा गोंधळ मी वारंवार पाहिला आहे.

हा गोंधळ होतो, कारण एका गाण्यात एकाच वेळी अनेक हक्क असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द ही एक कृती, संगीतरचना ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे, आणि दोन्ही ठिकाणी मोजणी पुढील कॅलेंडर वर्षापासून सुरू होते. ‘संगीत मानापमान’ हे १९११ चे नाटक घ्या. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यामुळे भारतात त्या पदांचे शब्द आणि टेंबे यांच्या चाली आज मोकळ्या आहेत. तुम्ही एखाद्या गायिकेला बसवून ते पद नव्याने गाऊन घेतले, तर अडचण नाही. मात्र दहा वर्षांपूर्वी कोणा कंपनीने काढलेल्या अल्बममधील तेच पद उचलून लावले, तर तुम्ही त्या कंपनीचे ध्वनिमुद्रण वापरत आहात. अभंगांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, म्हणून अभंगाला ‘पारंपरिक’ समजून लोक निर्धास्त असतात. पण श्रीनिवास खळे यांनी लावलेली चाल ही खळे यांची रचना आहे आणि ते २०११ साली गेले असल्याने ती २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शिवाय भारतात मोकळी झालेली जुनी तबकडी परदेशातही मोकळी असेलच असे नाही. अमेरिकेत १९४७ ते १९५६ या काळात प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षांचे संरक्षण आहे, आणि इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ तिथेही दिसतोच.

आता मोफत मिळणाऱ्या संगीताकडे येते, कारण नवशिक्याचा पहिला मुक्काम तिथेच असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने डिसेंबर २००२ पासून चालत आले आहेत. त्यांतील संक्षेप एकदा पाठ करून टाकावेत. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको, ‘एसए’ म्हणजे तुमची नवी कृतीही याच परवान्याखाली खुली करा, ‘एनडी’ म्हणजे कृतीत बदल करून ती पुढे देऊ नका, आणि ‘सीसी-झिरो’ म्हणजे हक्कधारकाने सर्व हक्क सोडले आहेत. एनसीचा फटका मला बसला तो वर सांगितलाच. पण चित्रपट करणाऱ्यांसाठी खरा सापळा एनडीत आहे. ‘मी संगीत जसेच्या तसे वापरले, एक सेकंदही कापला नाही, मग बदल कुठे झाला?’ असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. प्रश्न रास्त होता, परंतु या परवान्यांच्या चौथ्या आवृत्तीच्या मजकुरातच लिहिले आहे की संगीत चलत्चित्राशी वेळेनुसार जुळवले की त्यातून रूपांतरित कृतीच निर्माण होते. त्यामुळे एनडी असलेला तुकडा व्हिडिओखाली लावताच येत नाही, आणि एसए असलेला लावला तर तुमचा संपूर्ण माहितीपट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, ज्याला पैसे देणारा ग्राहक सहसा तयार होत नाही. माझ्या कामापुरते मी ठरवून टाकले आहे की बीवाय आणि सीसी-झिरो यांच्यापलीकडे पाहायचेच नाही. श्रेय देताना तुकड्याचे नाव, संगीतकाराचे नाव, तो जिथून घेतला ते ठिकाण आणि परवान्याचे नाव या चारही गोष्टी द्याव्यात. शेवटच्या पाटीवर नुसते ‘संगीत : इंटरनेट’ लिहिलेले मी पाहिले आहे, आणि ते श्रेय नव्हे.

साउंड इफेक्टसाठी फ्रीसाउंड हा संग्रह मी सर्वांत जास्त वापरते. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ साली तो सुरू झाला. तिथे प्रत्येक ध्वनी चढवणारी व्यक्ती आपापला परवाना निवडते, त्यामुळे एकाच शोधात मिळालेल्या दोन दारांच्या करकरीचे परवाने वेगवेगळे असू शकतात. बीबीसीने २०१८ साली आपल्या संग्रहातील १६,००० हून अधिक ध्वनी खुले केले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या अनेकांनी रात्री जागून ते उतरवून घेतले. पण ती मुभा वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरापुरती आहे, आणि व्यावसायिक कामासाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो.

तरीही साउंड इफेक्टच्या बाबतीत माझा सल्ला असा आहे की शक्य तितके आवाज स्वतःच मुद्रित करावेत. याचे पहिले कारण कायद्याचे नसून कानाचे आहे. परदेशी संग्रहातील कावळा आपल्या कावळ्यासारखा ओरडत नाही, रातकिड्यांचा सूर वेगळा असतो, आणि एसटीच्या कंडक्टरने दोरी ओढून दिलेल्या डबल बेलचा आवाज तर कोणत्याच संग्रहात मला मनासारखा मिळाला नाही. कोकणातल्या घराच्या पत्र्यावर पडणारा पाऊस ज्याने ऐकला आहे, त्याला ‘रेन ऑन मेटल रूफ’ नावाची फाइल क्षणात खोटी वाटते. खिशात मावणारा साधा रेकॉर्डर पुरतो. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशी मांडणी ठेवून वेव्ह स्वरूपात मुद्रण करावे आणि वाऱ्यासाठी माइकवर फरची टोपी घालावी. मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी तुमची असल्याने ध्वनिमुद्रणाचा हक्कही तुमच्याकडेच येतो. एक खबरदारी मात्र हवी. जत्रेचा गलका टिपताना पाळण्याजवळच्या कर्ण्यावर चित्रपटगीत वाजत असेल, तर ते गाणे तुमच्या मुद्रणात येते आणि त्याचे हक्क काही तुमचे होत नाहीत. मी तर पालीच्या जत्रेत दोन तास उभी राहून परत आले आणि हाती वापरण्याजोगे जेमतेम ४० सेकंद लागले.

पैसे देऊन संगीत घेण्याची वेळ आली की किमतीपेक्षा व्याप्तीकडे लक्ष द्यावे. संस्थेच्या यूट्यूब वाहिनीसाठी घेतलेला परवाना दूरचित्रवाणीवरील जाहिरातीला, चित्रपट महोत्सवाला किंवा मोबाइल ॲपला चालेलच असे नाही. वर्गणी पद्धतीच्या बहुतेक सेवांमध्ये वर्गणी चालू असताना प्रकाशित केलेले काम पुढेही सुरक्षित राहते, पण वर्गणी संपल्यानंतर तोच तुकडा नव्या कामात वापरता येत नाही. तुमच्या हार्डडिस्कवर फाइल पडून आहे म्हणून हक्कही पडून आहे, असे होत नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे हेही पाहावे. माझ्या वैयक्तिक वर्गणीवर ग्राहकाचे काम करता येते का, हे मी आता विकत घेण्याआधी त्या सेवेला ईमेलने विचारते आणि उत्तर जपून ठेवते. समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये रीलसाठी मिळणारी गाणी त्या ॲपपुरतीच असतात. तेथून व्हिडिओ उतरवून सभागृहात दाखवणे त्यात बसत नाही.

ओळखीच्या संगीतकाराकडून मूळ संगीत करून घेतले तर हे सगळे टळेल, असे वाटते. बरेचसे टळतेही, आणि पुण्या-मुंबईत होतकरू वादकांची वाण नाही. मात्र मैत्रीत कागद करायचा राहून जातो. परवाना लेखी हवा, असे कायदा सांगतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत धरला जातो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत दाखवायचा माहितीपट असेल, तर ही एक राहून गेलेली ओळ महागात पडते. याखेरीज २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहात चित्रपटासोबत दाखवण्याखेरीजच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील आपला समान वाटा संगीतकाराला आणि गीतकाराला सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्कसंस्थेला, म्हणजे सभासदांच्या वतीने परवाने देऊन रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. ‘सर्व हक्क कायमचे तुमचे’ असे लिहून घेतलेला कागद म्हणूनच वाटतो तितका भक्कम नसतो. संगीतकार १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या हक्कसंस्थेचा सभासद आहे का, हे सुरुवातीलाच विचारावे, कारण मग काही हक्कांची परवानगी त्याच्याकडून मिळत नाही, संस्थेकडून घ्यावी लागते.

परवाना चोख असूनही ‘हे संगीत आमचे आहे’ असा दावा येऊ शकतो, हे नवशिक्यांना ठाऊक नसते आणि पहिला दावा आला की झोप उडते. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. तुमच्याकडे परवाना आहे की नाही, हे तिला कळत नाही. एका पाककृतींच्या मालिकेसाठी मी रीतसर विकत घेतलेल्या तुकड्यावर भलत्याच कोणाचा दावा आला. माझ्या तुकड्याच्या संगीतकाराने आणि त्या दावेदाराने एकच तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा छोटा संगीतखंड, वापरला होता आणि दावेदाराने आपले गाणे त्या यंत्रणेत नोंदवले होते. असा दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे वाहिनीवर नोंदला जाणारा हक्कभंगाचा ठपका, नव्हे. जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे वळू शकते किंवा व्हिडिओ रोखला जाऊ शकतो, पण वाहिनी बंद पडत नाही. हरकत नोंदवली की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. मी परवान्याचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि विक्रेत्याचे पत्र जोडले, आणि आठवड्याच्या आत दावा मागे घेतला गेला. ते कागद हाताशी नसते, तर ग्राहकापुढे काय बोलले असते कोण जाणे.

म्हणून कागदांची व्यवस्था सांगते. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये माझा ‘परवाने’ नावाचा उपफोल्डर असतो. तुकडा उतरवतानाच परवान्याच्या पानाची पीडीएफ प्रत काढायची, तिच्या नावात तारीख घालायची आणि पावती शेजारी ठेवायची. तारखेचा आग्रह अशासाठी की परवाने बदलतात. पिक्साबे या संकेतस्थळाने जानेवारी २०१९ मध्ये सीसी-झिरो सोडून स्वतःचा परवाना लागू केला. त्याआधी घेतलेली वस्तू जुन्या अटींवरच राहते, पण ती आधी घेतली हे दाखवायला पुरावा तुमच्याकडेच हवा. सोबत एक क्यू शीट, म्हणजे कामात वापरलेल्या संगीताची यादी, ठेवते. तुकड्याचे नाव, संगीतकार, हक्कधारक, परवान्याचा प्रकार, माहितीपटात कोणत्या मिनिटाला सुरू होतो आणि किती सेकंद वाजतो, एवढे रकाने पुरतात. काम दूरचित्रवाणीवर गेले तर वाहिनी हेच मागते. संकलन चालू असताना भरले तर ते दहा मिनिटांचे काम आहे. चित्र लॉक झाल्यावर, म्हणजे कट अंतिम ठरल्यावर, आठवून भरायला बसले, तर अख्खा दिवस जातो.

कुंभारांच्या त्या माहितीपटात आता सरोद नाही. भट्टीच्या प्रसंगाखाली मी ओल्या मातीवर बसणाऱ्या चोपणीचा, म्हणजे मडके ठोकून घडवायच्या फळीचा, आवाज ठेवला आहे. तो तिथेच, त्यांच्या अंगणात मुद्रित केलेला होता आणि पहिल्या वेळी मी तो संगीताखाली दाबून टाकला होता. चोपणी मारणाऱ्या आजोबांनी दिलेली लेखी संमती त्या कामाच्या फोल्डरमध्ये सर्वांत वर आहे.