लिनक्सवर घरचा मीडिया सर्व्हर: मिनीडीएलएनए, जेलीफिन, प्लेक्स की नॅविड्रोम?

पडून असलेला लॅपटॉप किंवा लहानसा मिनी पीसी, त्यावर डेबियन नाहीतर उबुंटू, आणि २-४ टीबीच्या डिस्कवर सिनेमे, नाटकांची चित्रणे, गाणी, घरच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ. हे सगळे हॉलमधल्या टीव्हीवर आणि घरातल्या फोनवर दिसावे एवढीच गरज असते. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण सुविधांच्या याद्या शेजारी शेजारी मांडून बघतात. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवा: तुमच्या फाइल तुमच्या टीव्हीला जशाच्या तशा चालतात का?

चालत असतील तर सर्व्हरचे काम टपाल पोहोचवण्याइतकेच असते. फाइल डिस्कवरून उचलायची आणि वायरवर सोडायची. चालत नसतील तर सर्व्हरला तीच फाइल बघता बघता दुसऱ्या रूपात बदलून द्यावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. प्रोसेसर, रॅम, वीज आणि सॉफ्टवेअर या चारही गोष्टी त्यावर ठरतात.

तपासणी सोपी आहे. संग्रहातल्या वेगवेगळ्या जातीच्या दहा-बारा फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि थेट टीव्हीला लावा. कोणती चालली, कोणती अडली, कुठे चित्र आले पण आवाज आला नाही, हे लिहून ठेवा. मग लिनक्सवर मीडियाइन्फो हा प्रोग्राम टाकून त्याच फाइल उघडा. त्यात व्हिडिओचा कोडेक (म्हणजे दाबून साठवण्याची पद्धत), आवाजाचा कोडेक, बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) आणि उपशीर्षकांचा प्रकार दिसतो. एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल जवळजवळ सगळीकडे चालते. एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, जुन्या टीव्हींना आणि काही ब्राउझरना जड जाते. चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाले तर बहुधा आवाज डीटीएस या कोडेकमध्ये असतो. अनेक टीव्ही तो वाजवतच नाहीत. ब्ल्यू-रेवरून घेतलेली पीजीएस उपशीर्षके अक्षरांची नसून चित्रांची असतात. ज्या टीव्हीला ती दाखवता येत नाहीत, त्याच्यासाठी सर्व्हरला ती व्हिडिओवर छापावी लागतात. एरवी सरळ चालणारी फाइल मग त्या एका उपशीर्षकापायी पूर्ण ट्रान्सकोड होते.

सगळे चालले तर: मिनीडीएलएनए

पेन ड्राइव्हच्या परीक्षेत सगळ्या फाइल उतरल्या, तर मोठे काही बसवण्याची गरज नाही. मिनीडीएलएनए, आताचे त्याचे नाव रेडीमीडिया, डेबियनच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर भांडारातून एका आज्ञेत बसते आणि जुन्या रास्पबेरी पायवरही आरामात चालते. ते ट्रान्सकोडिंग करत नाही, म्हणूनच इतके हलके आहे. त्याची मांडणी ईटीसी फोल्डरातल्या एकाच कॉन्फ फाइलमध्ये असते. मीडिया डिर या ओळीत फोल्डरचा मार्ग द्यायचा आणि त्याच्या आधी व्हिडिओसाठी व्ही, गाण्यांसाठी ए, फोटोंसाठी पी असे कॅपिटल अक्षर व स्वल्पविराम लिहायचा. फ्रेंडली नेम या ओळीत टीव्हीवर दिसणारे नाव. सेवा पुन्हा सुरू केली की ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यावर पोर्ट ८२०० उघडा. किती फाइल सापडल्या ते आकड्यात दिसते.

आकडा शून्य आला तर कारण बहुतेक वेळा परवानगीचे असते. सर्व्हर तुमच्या नावाने चालत नाही, त्याचा स्वतंत्र यूझर असतो. उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर इतर यूझरना बंद असतो, त्यामुळे त्याच्या आतले काहीच सर्व्हरला दिसत नाही. बाहेरच्या यूएसबी डिस्कचा घोटाळा याहून फसवा आहे. डेस्कटॉपवर डिस्क लावली की ती आपोआप मीडिया फोल्डरात तुमच्या नावाखाली जोडली जाते, पण ती जागा फक्त तुमच्यासाठी उघडी असते. तुम्हाला फाइल दिसतात, सर्व्हरला नाही. यावर कायमचा उपाय म्हणजे एसआरव्ही फोल्डरात मीडिया नावाची जागा करून डिस्क एफस्टॅबमधून, म्हणजे यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची या यादीतून, तिथे जोडणे. ओळ लिहिताना डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, वापरा, कारण एसडीए, एसडीबी ही नावे पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. पर्यायांमध्ये नोफेल लिहाच. ते नसेल आणि एखाद्या दिवशी केबल सैल निघाली, तर अख्खे यंत्र आणीबाणीच्या पडद्यावर अडकते. पण नोफेल असल्यावर डिस्कविनाही सर्व्हर सुरू होतो आणि त्याला फोल्डर रिकामा दिसतो. म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेवेत रिक्वायर्स माउंट्स फॉर ही ओळ देऊन तोच मार्ग लिहा, म्हणजे डिस्क जोडली गेल्याशिवाय सेवा उठणार नाही.

डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, असेल आणि विंडोजवरही लागत असेल, तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज ती अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडते किंवा जोडायला नकार देते.

फाइल सापडल्या, पण टीव्हीच्या यादीत सर्व्हरच नाही? डीएलएनए, म्हणजे घरातल्या उपकरणांना मीडिया दाखवण्याची पद्धत, आपली दवंडी यूडीपी पोर्ट १९०० वर, २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर पिटते. फायरवॉलमध्ये ते पोर्ट आणि टीसीपी ८२०० उघडा. टीव्ही राउटरच्या गेस्ट वाय-फायवर नाही ना, ते बघा. तिथे उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. बऱ्याच राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचा पर्यायही हेच करतो. काही राउटर वायरवरून वाय-फायकडे जाणारे मल्टिकास्ट गाळून टाकतात. सर्व्हर आत्ता दिसला, थोड्या वेळाने गायब झाला, असे होत असेल तर राउटरमधली आयजीएमपी स्नूपिंगची (मल्टिकास्ट कुणाकडे पाठवायचे ते ठरवणाऱ्या पर्यायाची) खूण काढून बघा.

मिनीडीएलएनएला पासवर्ड नाही, यूझर नाहीत, आणि सिनेमा कुठे थांबवला होता याची नोंद सगळ्या उपकरणांवर सारखी राहत नाही. नेटवर्कवर असलेल्या प्रत्येकाला सगळे दिसते. लहान मुलांच्या घरात हा मुद्दा मोठा आहे. दुसरी अडचण मराठी वाचकांची: डीएलएनएवर उपशीर्षके टीव्ही स्वतः रेखाटतो, आणि देवनागरी नीट न येणाऱ्या टीव्हीवर मात्रा सुट्या पडतात, जोडाक्षरे तुटतात किंवा नुसते चौकोन दिसतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून बघा. तरी सुधारले नाही तर सर्व्हरवरून काही करता येत नाही.

काही फाइल अडल्या तर: जेलीफिन

बहुसंख्य घरांसाठी आमचे उत्तर जेलीफिन आहे. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केल्यावर त्याच्या ३.५.२ आवृत्तीतून जेलीफिन वेगळे निघाले. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसकट (ग्राफिक्समधल्या खास भागाकडून करून घेतलेले ट्रान्सकोडिंग) एकही सुविधा पैशांमागे अडवलेली नाही. सर्व्हरवर खाते घरातलेच. बाहेरच्या कोणत्या कंपनीत नाव नोंदवावे लागत नाही. इंटरनेट गेले तरी घरातला सिनेमा चालू राहतो.

डेबियन व उबुंटूसाठी प्रकल्पाचे स्वतःचे भांडार आहे, तेच जोडा. त्याच्याबरोबर जेलीफिनचे स्वतःचे एफएफएमपेग, म्हणजे ट्रान्सकोडिंग करणारा प्रोग्राम, येते. ते काढून भांडारातले साधे एफएफएमपेग लावू नका, हार्डवेअरच्या कितीतरी सुधारणा त्या खास बांधणीतच असतात. बसवून झाले की पोर्ट ८०९६ वर पहिली मांडणी करता येते. एम्बीही हेच पोर्ट वापरते, म्हणून तुलनेसाठी दोन्ही एकाच यंत्रावर टाकली तर दुसरे उठत नाही. १०.९ आवृत्तीपासून डीएलएनए मूळ पॅकेजात नाही, प्लगिन म्हणून वेगळे घ्यावे लागते. जुने मार्गदर्शन वाचून तो पर्याय शोधत बसणारे बरेच आहेत.

खरे घोडे पेंड खाते ते हार्डवेअर ट्रान्सकोडिंगपाशी. इंटेलच्या प्रोसेसरमधला क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, यासाठी सर्वांत सोयीचा. १०-बिट एचईव्हीसी उलगडायला सातव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर घ्या. एव्ही१ या नव्या कोडेकच्या फाइल असतील तर अकराव्या पिढीपासून पुढे. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एफ असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते, स्वस्तात मिळतो म्हणून तो उचलू नका. एन१०० चा मिनी पीसी ४ कोअरचा, ६ वॉटचा आणि घरच्या कामाला पुरेसा आहे. रास्पबेरी पाय ५ मात्र या कामासाठी घेऊ नका: त्यात हार्डवेअर एन्कोडर नाही, त्यामुळे ट्रान्सकोडिंगचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. थेट चालणाऱ्या फाइल पुरवायला तो उत्तम.

मांडणीचा क्रम असा. डेव्ह फोल्डरातल्या डीआरआयमध्ये रेंडर डी १२८ नावाची नोंद दिसते का ते बघा. दिसली की जेलीफिन हा यूझर रेंडर गटात घाला आणि सेवा पुन्हा सुरू करा. ही पायरी राहिली की व्हिडिओ सुरू होताच चूक दाखवून बंद पडतो. मग डॅशबोर्डमधल्या प्लेबॅक विभागात क्विक सिंक निवडा आणि तुमच्या प्रोसेसरला खरोखर जमतात तेवढ्याच कोडेकवर खुणा करा. सगळ्यांवर खूण केली तर न जमणारी फाइल हार्डवेअरकडे जाते आणि तिथेच फुटते. एन१०० सारख्या नव्या चिपांना लो-पॉवर एन्कोडिंगसाठी फर्मवेअर लागते. डेबियनवर ते नॉन-फ्री फर्मवेअरच्या विभागातून घ्यावे लागते. एचडीआर (जास्त उजेड आणि रंग असलेला) सिनेमा साध्या टीव्हीवर धुरकट, फिका दिसत असेल तर टोन मॅपिंगची, म्हणजे ते रंग साध्या पडद्याला जुळवण्याची, खूण राहिली आहे.

चाचणी अशी घ्या: सिनेमा लावून गुणवत्ता मुद्दाम ४ एमबीपीएसवर आणा. डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंग चालू असल्याचे आणि त्याचे कारण दिसेल. दुसरीकडे टर्मिनलमध्ये इंटेल जीपीयू टॉप हा ग्राफिक्सवरचा भार दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवा. त्यात व्हिडिओची पट्टी हलत असेल तर काम हार्डवेअर करत आहे. ती शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर वरची एखादी पायरी चुकली आहे.

अर्धा सिनेमा झाल्यावर अचानक थांबतो, सर्व्हरवर दुसरे काहीच नीट चालेना, अशी तक्रार आली तर डिस्कची जागा बघा. ट्रान्सकोड झालेले तुकडे व्हार फोल्डरातल्या कॅशमध्ये साठतात. सिस्टमची डिस्क ३२ जीबीची असेल तर ४के सिनेमा ती भरून टाकू शकतो. हा फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवा आणि वापरलेले तुकडे पुसण्याचा पर्याय सुरू करा.

देवनागरीचा प्रश्न इथे सुटतो. व्हिडिओवर छापली जाणारी अक्षरे सर्व्हरवरच्या फॉन्टमधून येतात, म्हणून लोहित किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट बसवा. ब्राउझरमध्ये बघणाऱ्यांसाठी डॅशबोर्डमधला फॉलबॅक फॉन्टचा पर्याय सुरू करून फॉन्टचा फोल्डर दाखवा.

संग्रहाची नावे आधी नीट करा, नंतर स्कॅन. प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, त्यावर नाव आणि कंसात प्रदर्शनाचे वर्ष. एकाच नावाचे मराठी आणि हिंदी सिनेमे पुष्कळ आहेत. वर्ष नसेल तर भलतेच पोस्टर येते. तरीही चुकत असेल तर फोल्डरच्या नावाशेवटी चौकटी कंसात टीएमडीबीआयडी आणि टीएमडीबी या इंटरनेटवरच्या सिनेमाकोशातला त्या सिनेमाचा क्रमांक जोडा. नाटकांची माहिती अशा कोशांत क्वचितच सापडते. त्यांच्यासाठी होम व्हिडिओ प्रकारची लायब्ररी करा, म्हणजे सर्व्हर इंटरनेटवर शोधत बसत नाही आणि तुमचीच फोल्डररचना दाखवतो.

प्लेक्स आणि एम्बी

दोन्ही लिनक्सवर उत्तम चालतात, पण दोन्हींचा कोड बंद आहे. प्लेक्सची टीव्हीवरची ॲप सगळ्यांत पॉलिशदार आहेत आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ती चटकन उमगतात. मात्र त्याचे खाते कंपनीकडे असते, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला प्लेक्स पास हे पैसे देऊन घ्यायचे सदस्यत्व लागतो, आणि २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही पैसे पडतात. एम्बीतही हार्डवेअरची सोय प्रीमियर या त्याच्या सशुल्क योजनेतच आहे. टीव्हीच्या ॲप भांडारात जेलीफिन नसेल आणि वेगळी स्टिक घ्यायची नसेल, तेव्हाच या दोघांकडे वळावे.

गाण्यांसाठी नॅविड्रोम

संग्रह मुख्यतः गाण्यांचा असेल तर नॅविड्रोम वेगळे बसवा. ते पोर्ट ४५३३ वर चालते, रॅम फार कमी घेते आणि सबसॉनिक ही गाणी पुरवण्याची पद्धत जाणणारे कोणतेही फोन ॲप त्याला जोडता येते. ते फोल्डरकडे बघत नाही, टॅगकडे, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गायक-अल्बमच्या माहितीकडे, बघते. नाट्यगीतांच्या एका संकलनात वीस गायक असतील आणि अल्बम आर्टिस्टचा रकाना रिकामा असेल, तर एका अल्बमचे वीस तुकडे होऊ शकतात. पिकार्ड किंवा किड३ या टॅग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळी गाणी निवडून तो रकाना एकसारखा भरा. गायकाचे नाव एकतर सगळीकडे देवनागरीत किंवा सगळीकडे रोमन लिपीत ठेवा. दोन्ही मिसळली की एकाच गायकाची दोन पाने होतात.

अडखळते, पण ट्रान्सकोडिंग नाही

मग दोष नेटवर्कचा. साधा १०८०पी सिनेमा ८-१२ एमबीपीएसमध्ये भागतो, पण ४के ब्ल्यू-रेची मूळ प्रत मधूनमधून १०० च्या वर उसळी मारू शकते. पुष्कळ स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, त्यामुळे असा सिनेमा केबल लावूनही अडखळतो आणि ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर सुरळीत चालू शकतो.

घराबाहेरून बघायचे असेल तर आधी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या अनेकांत वाटलेल्या पत्त्याच्या, मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्याचा) उपयोग होणार नाही. टेलस्केल हे खासगी नेटवर्क जोडणारे सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवा. पुण्यातला सर्व्हर आणि परदेशातल्या मुलाचा लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असल्यासारखे जोडले जातात. ८०९६ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका, तिथून पासवर्ड विनाकुलूप प्रवास करतो.

आवृत्ती बदलण्यापूर्वी सेवा थांबवून ईटीसीमधला आणि व्हार-लिबमधला असे जेलीफिनचे दोन्ही फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. मोठ्या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलते, आणि त्या प्रतीशिवाय जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.