कळ हातात आहे की हातात जाते? रशियन विभक्तींनी मला जिथे अडवलं

एमबीबीएससाठी रशियाला निघालेल्या प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "शिक्षण इंग्रजीत आहे, रशियनची काळजी करू नका." लातूरला मलाही एजंटने हेच सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे. लेक्चर इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातच व्हावा लागतो. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलात की पलंगावरच्या आजीला इंग्रजी येत नसतं. तिला जे होतंय ते ती तिच्या भाषेत सांगते, आणि त्यातलं निम्मं शब्दाच्या शेपटीत असतं.

लिपी येते, लिंगं तीन, विभक्ती सहा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मी रशियन शब्द देवनागरीत, कानाला ऐकू येतात तसे लिहिणार आहे, कारण माझी चूक कानाचीच होती.

आपण स-ला-ते, ने-ए-शी घोकून मोठे झालोय. आठ विभक्ती येणाऱ्याला सहांची काय भीती, असं मला वाटलं. पहिल्या वर्षी होस्टेलच्या भिंतीवर तक्ता चिकटवला, महिन्याभरात पाठ केला, परीक्षेत चांगले गुण मिळवले. तिसऱ्या वर्षी पहिली केस हिस्टरी घ्यायला हृदयरोगाच्या वॉर्डात गेले. सत्तरीच्या बाई होत्या. छातीत दुखतं म्हणाल्या, मग उजवा तळवा डाव्या खांद्यावरून खाली कोपरापर्यंत फिरवत म्हणाल्या, "अद्दयोत व ल्येवुयु रूकू." मला "डावा हात" कळलं, मी खूश झाले. कागदावर लिहिलं: दुखणं छातीत आणि डाव्या हातात, "व ल्येवय रुक्ये".

वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमनी कागद वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या कागदावर दोन दुखणी आहेत. या बाईंना एकच आहे."

छातीतून निघालेली कळ डाव्या हातात जाते, हे हृदयाच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण. हात वेगळा दुखतो, याचे अर्थ कितीतरी निघतील. बाईंवर उपचार आधीच सुरू होते, त्यामुळे माझ्या कागदाने कुणाचं नुकसान झालं नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. "रूकू" (हातात जाते) आणि "रुक्ये" (हातात आहे) ही दोन्ही रूपं माझ्या तक्त्यात होती. मला पाठ होती. ऐकताना मात्र दोन्ही मला सारखीच वाटली.

असं का झालं, ते सावकाश सांगते, कारण तुम्हीही इथेच अडकणार आहात. मराठीत आपण विचारतो, "कुठे राहतेस?" आणि "कुठे चाललीस?" कुठे एकच. मी शाळेत आहे, मी शाळेत जाते. मी लातूरला राहते, मी लातूरला जाते. पाठीवर झोपलेत, पाठीवर झोपा. डॉक्टरकडे आहे, डॉक्टरकडे चालले. दरवेळी प्रत्यय तोच, फरक फक्त क्रियापदात. त्यामुळे आपला कान क्रियापद ऐकतो आणि नामाची शेपटी सोडून देतो. रशियन माणूस मुळात प्रश्नच दोन विचारतो. असण्यासाठी "ग्द्ये", जाण्यासाठी "कुदा". ग्द्येच्या उत्तरात "व" (आत) आणि "ना" (वर) नंतर रशियन तक्त्यातली सहावी विभक्ती येते (आपली षष्ठी नव्हे, तिचं काम आपल्या सप्तमीचं), कुदाच्या उत्तरात द्वितीया. इस्पितळात आहे, व बल्नीत्से. इस्पितळात चालले, व बल्नीत्सू. पेशंटला पाठीवर झोपायला सांगताना "लझीतिस ना स्पीनू", आणि तो झोपला की "ना स्पिन्ये". वॉर्डात हेच दोन प्रश्न रोज विचारायचे असतात: "ग्द्ये बलीत?" म्हणजे दुखतं कुठे, आणि "कुदा अद्दयोत?" म्हणजे कळ जाते कुठे.

हे मला मॅडमनी नाही, होस्टेलच्या दारात बसणाऱ्या वख्त्योर्शाने, म्हणजे पहारेकरीण बाईने, पक्कं करून दिलं. संध्याकाळी बाहेर पडताना ती प्रत्येकीला विचारते, "कुदा?" मी म्हणायची, "व मगाझीन्ये." ती मान हलवायची, "व मगाझीन." दुकानात जायचंय ना, मग तसं सांग. परत आले की "अत्कूदा?" म्हणजे कुठून. याचं उत्तर "इझ मगाझीना", षष्ठीत. जवळजवळ एक हिवाळा हे चाललं. माझं स्पष्ट मत आहे की नव्या विद्यार्थ्याला अशा बाईइतका चांगला शिक्षक मिळत नाही. तिला घाई नसते, ती गुण देत नाही आणि चूक सोडत नाही. सीनियर नेमका उलट सल्ला देतात: "प्रथमेत बोल, त्यांना समजतं." समजतं, हे खरं. पण त्यांचं बोलणं तुम्हाला समजायला हवं, आणि ते कुणी तुमच्यासाठी प्रथमेत बोलत नाही. हा सल्ला ऐकू नका. मित्राने दिला तरी ऐकू नका.

मॅडमनी कागद परत दिला त्या आठवड्यात मला अचानक आठवीतलं संस्कृत आठवलं. मार्कांसाठी घेतलेला विषय, पुन्हा कधी लागेल असं वाटलं नव्हतं. रामः वनं गच्छति. मुनिः वने वसति. जाणं आलं की वनम्, द्वितीया. राहणं आलं की वने, सप्तमी. मराठीत पुसट झालेला हा भेद रशियनने जपून ठेवलाय: जंगलात जातो, व ल्येस. जंगलात राहतो, व लिसू. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांनी ती वही पुन्हा काढावी. रशियन तक्त्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

त्यातलं "लिसू" मात्र नीट बघा, कारण माझा दुसरा घोटाळा तिथे झाला. रूकू, स्पीनू, बल्नीत्सू पाहून मी स्वतःसाठी सोपा नियम बनवला होता: शेवटी उ ऐकू आला की दिशा. मग एक तरुण पेशंट कुशीवर हात ठेवून म्हणाला, "कोलित व बकू", आणि मी कळ कुशीकडे सरकते असं धरून बसले. तो फक्त कुशीत टोचतं असं सांगत होता. काही छोटे पुल्लिंगी शब्द असण्याच्या अर्थी शेवटावर जोर देऊन उ घेतात: व लिसू जंगलात, व नसू नाकात, व ग्लझू डोळ्यात, वा र्तू तोंडात. शरीराचे किती शब्द आहेत यात बघा. शेपटी ऐकून प्रश्न ओळखू नका. आधी प्रश्न कोणता ते ठरवा, मग शेपटी ऐका. "पद", म्हणजे खाली, हा शब्द आला की असण्यासाठी सहावी विभक्तीही चालत नाही, तृतीयेसारखी विभक्ती लागते: खवाट्याखाली दुखतं ते "पद लपात्कय", कळ खवाट्याखाली जाते ती "पद लपात्कू". प्रश्न मात्र तेच दोन. आणि माणसांकडे जाताना आपल्या "कडे"चे दोन तुकडे होतात: डॉक्टरकडे जातोय, क व्रचू. डॉक्टरकडे आहे, उ व्रचा.

हे वाचून घाबरला असाल तर जरा थांबा. चतुर्थी तुमच्या घरचीच आहे. "म्न्ये खोलदना" म्हणजे मला थंडी वाजतेय. "म्न्ये प्लोखा" म्हणजे मला बरं वाटत नाहीये. वयही चतुर्थीतच सांगतात. इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्यांना इथे "मी"ला "मला" करताना त्रास होतो, आपण ते न शिकता बोलतो. सजीव-निर्जीवाचंही तसंच: मराठीत आपण भावाला बघतो आणि टेबल बघतो, रशियन द्वितीयेतही पुल्लिंगी शब्दांत भावाचं रूप बदलतं, टेबलाचं नाही. आकड्यांचं पाठच करावं लागतं. एक गोळी अद्ना तब्ल्येत्का, दोन ते चार तब्ल्येत्की, पाचपासून तब्ल्येतक, आणि एकवीसला पुन्हा तब्ल्येत्का. त्यामागचं कारण शोधत बसू नका, गोळ्या मोजत म्हणा.

क्रमाबद्दल माझा हट्ट आहे. द्वितीया आणि सहावी वेगवेगळ्या धड्यांत शिकू नका, जोडीने शिका. मग षष्ठी, कारण "नाही" म्हणायला तीच लागते, आणि ताप नाही, ॲलर्जी नाही हे दिवसातून पन्नासदा लिहावं लागतं. बाकीच्या मागून येतात.

तक्ता मी काढून टाकला. आता एक लांबट वही आहे, मधोमध रेघ, डावीकडे ग्द्ये, उजवीकडे कुदा. नवा शब्द आला की दोन्हीकडे एकेक पूर्ण वाक्य लिहायचं, सुटा शब्द नाही, आणि वाक्य शक्यतो कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं. पहिल्या पानावर डावीकडे अजून माझंच चुकीचं वाक्य आहे, "व ल्येवय रुक्ये". त्याच्या समोर उजवीकडे त्या बाईंचं.