कर्ब वाढला, असं मी सांगून बसले होते

माती परीक्षणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सामू (पीएच), विद्युत वाहकता, नत्र-स्फुरद-पालाश हे तुम्हाला येतं असं धरून चालते. जमीन आरोग्य पत्रिकेवरचे बाराही घटक मलाही पाठ होते. तरीही माझ्यामुळे एका शेतकऱ्याचं नुकसान झालं.

जालना जिल्ह्यात एका संस्थेच्या कामावर मी नवीन होते. भारी काळी जमीन, कापूस आणि तूर. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत, पऱ्हाट्या उपटल्यावर, एका काकांच्या वावरातून नमुना काढला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, आला 0.42 टक्के. काकांनी शेणखत टाकलं, बांधावरचा पाला जाळणं थांबवलं. दुसऱ्या वर्षी आकडा आला 0.61. मी हरखून गेले. गावच्या बैठकीत तक्ता लावून सांगितलं, की बघा, एका वर्षात जमीन सुधारली. 0.5 च्या खाली ‘कमी’ आणि 0.5 ते 0.75 ‘मध्यम’ या वर्गवारीत काकांचं वावर एक पायरी वर चढलं होतं. बऱ्याच ठिकाणी उपलब्ध नत्राचा अंदाज कर्बावरूनच काढतात, त्यामुळे युरियाची शिफारसही खाली आली. काकांनी माझ्या शब्दावर युरिया कमी केला. बोंडं भरायच्या वेळी नत्र कमी पडून कपाशी खालून पिवळी पडत गेली. शेजारच्या वावरात तसं काही नव्हतं.

चूक नमुन्यात होती. दुसऱ्या वर्षी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. शेणखत पसरून कुळवाची पाळी झालेली. वरची चार बोटं माती भुसभुशीत, खाली दगडासारखी. सोबतच्या मुलांनी कुदळ जाईल तेवढंच खणलं आणि मी पाहूनही काही बोलले नाही, कारण त्या दिवशी अजून नऊ वावरं उरकायची होती. कर्ब नेहमी वरच्या थरात जास्त असतो, खाली कमी होत जातो. पहिल्या वर्षी 20 सेंटीमीटरपर्यंतची माती, दुसऱ्या वर्षी 8-10 सेंटीमीटरची, तीही ताज्या शेणखतासकट. मी दोन वेगवेगळ्या थरांची तुलना करत होते आणि त्याला सुधारणा म्हणत होते.

हे त्या दिवशी साध्या गुणाकारानेही कळलं असतं. तो गुणाकार इथे सगळा मांडते, कारण मला तो कुणी करून दाखवला नव्हता. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. 20 सेंटीमीटर खोलीपर्यंत 2,000 घनमीटर माती. घनमीटरला 1.3 टन धरले तर 2,600 टन. कर्बातली वाढ 0.61 वजा 0.42, म्हणजे 0.19 टक्के; 2,600 टनांचे 0.19 टक्के म्हणजे जवळपास 5 टन निव्वळ कर्ब. काकांनी हेक्टरी टाकलेलं शेणखतच 5 टन होतं. त्यातलं निम्मं पाणी, उरलेल्या कोरड्या भागात कर्ब फार तर तिसरा हिस्सा. म्हणजे एक टनही नाही, आणि त्यातलाही बराचसा कुजताना हवेत जातो. टाकलेल्यापेक्षा पाचपट कर्ब जमिनीत येणार कुठून? कर्ब फार हळू हलतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 मध्ये सुरू झाले; अकोल्यालाही त्यांचं केंद्र आहे. ते दशकानुदशके चालतात ते याच कारणाने. एका वर्षात मोठी उडी दिसली तर आधी आपल्या पिशवीवर शंका घ्या.

म्हणून खड्डा इंग्रजी ‘व्ही’सारखा, 20 सेंटीमीटर खोल, पट्टीने मोजून. आतली सुटी माती बाहेर काढून टाका. मग खड्ड्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने कापा. वर जाड आणि खाली निमुळती कापलीत तरी तीच चूक होते. वावरात नागमोडी फिरून अशा 10-15 जागा, सगळी माती एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. उन्हात फिरून दमल्यावर लिंबाच्या सावलीतली जागा सोपी वाटते. तिथे खणू नका. उकिरडा, विहिरीचा काठ, बांधही नको. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरलीत तर जस्ताचा आकडा खोटा येईल. खताच्या रिकाम्या गोणीला हातही लावू नका.

एकदा मोजणं आणि दरवर्षी लक्ष ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यासाठी जागा, महिना, खोली, प्रयोगशाळा आणि पद्धत तीच हवी. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक या रसायनाने कर्ब मोजायच्या पद्धतीत सगळा कर्ब पकडला जात नाही, म्हणून उत्तराला साधारण 1.3 ने गुणतात. दुसरीकडे माती जाळून एकूण कर्ब मोजत असतील, तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत चुन्यातला कर्बही त्यात मिसळतो. असे दोन आकडे शेजारी मांडायचे नाहीत. जागेसाठी मोबाइलवर विसंबू नका, तो काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. विहिरीच्या कठड्यापासून टेपने मोजा आणि वहीत लिहा.

जमिनीत खुपसायचे स्वस्त सामूमापक आणि फोटोवरून मातीचं आरोग्य सांगणारी अ‍ॅप यांवर माझा विश्वास नाही. पैसे असतील तर चांगली कुदळ घ्या. गुरूबद्दलही स्पष्ट सांगते: मोठ्या पदावरच्या मार्गदर्शकांकडून मी प्रकल्पाचा अहवाल लिहायला शिकले. माती शिकले ती प्रयोगशाळेतल्या सहायक ताईंकडून. त्या दिवसभर ब्युरेटसमोर (रसायन थेंबाथेंबाने मोजायच्या काचनळीसमोर) उभ्या असायच्या. माझी पिशवी उघडताच म्हणाल्या, “ही वरवरची माती आहे, यात काड्या दिसतात.” ते मला वावरातच दिसायला हवं होतं. अशा माणसाजवळ आठवडाभर बसायला मिळालं तर सुट्टी टाकून बसा.

घाबरू नका. हे काम अवघड नाही, घाईने बिघडतं. प्रयोगशाळा दूर असेल तरी ऑगस्टमध्ये वापसा आल्यावर (माती ना चिखल ना कोरडी असताना) फावडंभर माती उलटून गांडुळं मोजता येतात. वावरातलं आणि बांधावरचं कोरडं ढेकूळ पाण्याच्या दोन ग्लासांत सोडून कोणतं आधी विरघळतं तेही पाहता येतं. आणि दरवर्षी पावशेर वाळलेली माती बाटलीत भरून, तारीख, खोली आणि गट नंबर लिहून ठेवा. शंका आली की जुनी-नवी माती एकाच दिवशी तपासता येते. माझ्याकडे पहिल्या दोन वर्षांच्या बाटल्या नाहीत, म्हणून ती दोन वर्षं मला कधीच नीट तपासता येणार नाहीत.

काकांकडे जाऊन मी चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ताई, मग आता परत कधी येता खणायला?” त्यानंतरचे चार फेब्रुवारी एकाच पद्धतीने झाले: 0.43, 0.44, 0.43, 0.46. यंदाच्या 0.46 ला मी अजून वाढ म्हणत नाही. काकांनाही तसंच सांगितलं आहे.