पिकअपला बाहेरचा एअर फिल्टर बसवताय? आधी रबर बघा

आमच्या सांगली भागात कुणी बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, एअर फिल्टर आणला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती वाढलं? तर खरं सांगतो, चांगल्या स्थितीतला कंपनीचा फिल्टर काढून दुसरा भारीतला टाकला तर ॲव्हरेजमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही. डिझेल इंजिन आत डिझेल किती मारायचं त्यावर ताकद काढतं, हवा त्याला तशीही भरपूर मिळत असते. फिल्टर चोंदला असेल, गाडी चढाला ओढत नसेल, मागनं काळा धूर सोडत असेल, तर नवा टाकल्यावर फरक पडतो, पण तो फरक कंपनीचा नवा टाकला तरी पडलाच असता.

मग बाहेरचा घ्यायचाच कशाला? धुळीसाठी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची भाडी असली किंवा उसाच्या सीझनला फडातनं कच्च्या रस्त्यानं गाडी काढायची असली की कागदी फिल्टर लवकर भरतो, आणि धुऊन परत वापरता येणारा फिल्टर असला तर दरवेळी नवा घ्यायचा खर्च वाचतो. बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात. एक कंपनीच्याच मापाचा कागदी, दुसरा कापडी जाळीचा ज्याला ऑईल लावावं लागतं, तिसरा सिंथेटिक कापडाचा कोरडा. मला विचाराल तर धुळीच्या भागात आणि हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीला तिसरा नाहीतर सरळ चांगला कागदी. आणि तो चौथा, फिल्टर ज्यात बसतो तो डबाच काढून टाकून नुसता उघडा कोन लावायचा, तो मालाच्या गाडीला अजिबात नको. आवाज भारी येतो हे मान्य, पण बॉनेटमधली गरम हवा ओढतो आणि पावसात पाणी.

आता शीर्षकात रबर का म्हणलो ते सांगतो. मागं मी एक स्वस्तातला धुवायचा फिल्टर टाकला होता. डब्यात बसला, झाकण लागलं, क्लिपा पण लागल्या, मी खूश. पण त्याची रबराची कड मूळच्यापेक्षा थोडी बारीक होती आणि एका कोपऱ्यात ती दबतच नव्हती. द्राक्षाचा अख्खा सीझन तासगाव ते मुंबई गाडी तशीच पळवली. नंतर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) शिट्टी मारायला लागला, इंजिन ऑईल खायला लागलं, पाइप काढून बघितला तर आतनं बोट फिरवल्यावर तांबडी माती. टर्बोचं पंखं धुळीनं कडेला झिजलेलं. जाळी चांगलीच होती हो, पण हवा जाळीतनं गेलीच नाही, कडेनं गेली. तेव्हापासनं दुकानात गेलो की ब्रँड नंतर विचारतो, आधी जुना फिल्टर काउंटरवर ठेवतो आणि नवा त्याच्या शेजारी. गोल असेल तर बाहेरचा व्यास, आतला व्यास, उंची, चौकोनी असेल तर लांबी, रुंदी आणि रबराची जाडी. जुन्याचं रबर दबून चपटं झालेलं असतंय हे लक्षात ठेवा, म्हणजे नवं थोडं जाड दिसायलाच पाहिजे. पण बाकीच्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला आणि दुकानदार ‘बसतंय की’ म्हणाला तरी परत द्या.

बसवायला जागा कुठली निवडता याला पण महत्त्व आहे. साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लागायची वाट बघत बसल्यावर वेळ जात नाही म्हणून बॉनेट उघडून फिल्टर काढणारे मी रोज बघतो, शेजारनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या धुरळा उडवत चाललेल्या असतात आणि ह्यांच्या इंजिनचं तोंड उघडं. घरी, आडोशाला, वारं नसताना करा. इंजिन गार होऊ दे, चावी काढा. डबा उघडायच्या आधी बाहेरनं ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर झाकण उचललं की वरची सगळी माती आत.

उघडणं सोपं आहे. पाइपची क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं नाहीतर पान्यानं ढिली करा, डब्याजवळ सेन्सरचा कनेक्टर असेल तर लॉक दाबून सरळ ओढा, वायरला धरून ओढू नका. मग डब्याच्या क्लिपा किंवा नट काढा आणि फिल्टर न आपटता हळू वर घ्या. आता जरा थांबा आणि बघा. फिल्टरच्या आधीच्या बाजूला कचरा असणारच, वाळलेली उसाची पानं, किडे, कधी कधी उंदरानं आणून ठेवलेल्या शेंगा पण. पण फिल्टरच्या पलीकडं, जिथनं हवा इंजिनकडं जाते तिथं बोट फिरवून धूळ लागली तर नवा फिल्टर टाकून भागणार नाही, धूळ कुठनं शिरते ते आधी शोधा.

डबा साफ करताना इंजिनकडं जाणाऱ्या पाइपात फडकं कोंबा. फडकं लाल किंवा भडक रंगाचं घ्या आणि त्याचं लांब टोक बाहेर लोंबत ठेवा. ते विसरून गाडी चालू केली तर काय होईल ते सांगायची गरज नाही. डबा ओल्या फडक्यानं पुसा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ सगळीकडं उडून परत बसते. रबर जिथं टेकतं ती कड नखानं खरवडून साफ करा, तिथंच माती चिकटून बसलेली असते.

आणि पाइप! फिल्टरपासनं टर्बोपर्यंतचा रबरी पाइप पूर्ण चाचपा, खालच्या बाजूनं सुद्धा, कारण चिरा खालीच पडतात आणि वरनं दिसत नाहीत. इंजिन चालू असताना ह्या पाइपात ओढ असते, म्हणजे इथं चीर असली तर न गाळलेली हवा डायरेक्ट टर्बोत. पाइप वाकवून बघा, चीर उघडते. एमसील आणि सायकलची ट्यूब गुंडाळून भागवू नका, पाइप बदला.

नवा फिल्टर पिशवीतनं अगदी शेवटी काढा. बाण असेल तर हवेच्या दिशेनं, टॉप लिहिलं असेल तर ती बाजू वर. रबराला ग्रीस लावायची सवय बऱ्याच जणांना असते, नका लावू, ग्रीसला धूळ चिकटते. चपटं रबर असलेला फिल्टर असेल तर माझी एक देशी टेस्ट आहे, आणि सांगलीत हळदीला काय तोटा. ओल्या बोटानं हळदीचा पातळ हात डब्याच्या कडेला फिरवा, फिल्टर ठेवून झाकण पूर्ण लावा, परत उघडा. रबरावर पिवळी रेघ चारी बाजूंनी सलग उमटली पाहिजे. कुठं तुटली असेल तर तिथनं धूळ जाणार. झालं की हळद पुसून काढा, फडकं पाइपातनं काढा (परत सांगतोय), आणि क्लिपा चाकाच्या नटासारख्या समोरासमोरच्या आवळा, एका बाजूनं सुरू करत गेलात तर झाकण तिरकं बसतं.

गाडी चालू करून थोडं रेस करा, शिट्टीसारखा आवाज येतोय का ऐका, मीटरवर इंजिनचा दिवा पेटतोय का बघा. दिवा पेटला तर बहुतेक वेळा कनेक्टर नीट लागलेला नसतो. ऑईलवाल्या फिल्टरमध्ये अजून एक भानगड आहे. ऑईल जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, सेन्सर खोटं रीडिंग देतो, मग ईजीआरचं (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) गणित बिघडतं आणि गाडी धूर करते नाहीतर ओढत नाही. बीएस ४, बीएस ६ (धुराचे अलीकडचे सरकारी नियम) वाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात घाला.

मोठ्या ट्रकना आत दोन फिल्टर असतात, बाहेरचा मोठा आणि त्याच्या पोटात छोटा सेफ्टीचा. आतला धुवायचा नाही, हवा मारायची नाही, घाण झाला की सरळ बदलायचा. डब्याच्या खाली रबराची चोच असते, धूळ बाहेर टाकायला, ती रोज चिमटून मोकळी करा आणि फाटली असेल तर लगेच नवी टाका, दोन पैशाची वस्तू आहे.

पुढची काळजी. आठवड्याभरानं फिल्टरच्या पुढचा पाइप ढिला करून आत पांढरं फडकं फिरवा, पांढरंच निघालं तर झालं काम. पण रोज उठून फिल्टर काढून टायरवर आपटायचा आणि पंक्चरवाल्याकडनं फुल प्रेशरनं हवा मारायची हे बंद करा. कागद फाटतो, आणि गंमत म्हणजे थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक गाळतो. कागदी फिल्टरला हवा मारायचीच असेल तर आतनं बाहेर, दोन बारच्या आत, लांबनं, आणि नंतर आत बॅटरी पेटवून बघा, कुठं टाचणीएवढा जरी उजेड दिसला तरी फेकून द्या. कागदी कधी धुवायचा नाही. कापडी धुतला तर पाणी आतनं बाहेर सोडायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं, घाई म्हणून सायलेन्सरवर ठेवायचं नाही, आणि त्याचंच ऑईल हलकं लावायचं, इंजिन ऑईल नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर आपण बघितलाय. हवा ओढायचं तोंड किती उंचीवर आहे ते आजच बघून ठेवा आणि नवा पाइप टाकताना ते खाली आणू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, डबा उघडा, फिल्टर ओला दिसला तर टोचन लावून गाडी मेकॅनिककडं न्या.