रिटायरमेंट जवळ आलीय? सरकारी आरोग्य कार्डाच्या बाबतीत या चुका टाळा

"सत्तरीनंतर सगळ्यांना फुकट कार्ड मिळते, मंग काहाची चिंता" असं आपल्याकडे पारावर बसलेला कुणीही सांगतो, पण नोकरी सुटते ५८ ला नाहीतर ६० ला आणि केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्यावर दवाखान्यात भरती झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार फुकट होतो) मिळतं ७० पूर्ण झाल्यावर, मग मधली दहा-बारा वर्षं कशावर काढायची? सगळ्यात मोठी चूक हीच, की ही मधली वर्षं कुणी मोजतच नाही.

त्या वर्षांसाठी राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, जिला लोक अजून जीवनदायीच म्हणतात. "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कुठं मिळते" म्हणून बरेच जण चौकशीच करत नाहीत. आधी पांढऱ्या कार्डावर फक्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना मिळायचं, त्यात आपले अमरावती विभागातले पाचही जिल्हे आणि वर्धा होता, पण २०२३ च्या निर्णयानं सगळीच रेशनकार्डं घेतली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर केलं. म्हणजे रेशनकार्ड नीट असणं महत्त्वाचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच नीट नसतं. पोरं वेगळी निघाली की बापाचं नाव मोठ्याच्या कार्डात, मायचं लहान्याच्या, नाहीतर कुठंच नाही. आधारवर पांडुरंग, रेशनवर पांडूजी. हे पेशंट खाटेवर असताना दुरुस्त होत नाही हो, तहसीलचे चक्कर आत्ताच मारून घ्या. आधारवरची जन्मतारीख तर साधारण एकदाच बदलता येते, म्हणून शाळेचा दाखला हातात ठेवूनच जा, अंदाजानं काही सांगू नका.

दुसरी चूक घरातल्या माणसांची. बाबा ७१ चे, आई ६६ ची, बाबांचं वय वंदना कार्ड निघालं की घरचे समजतात दोघांचंही झालं. तसं नाही, ते कार्ड ज्याचं वय ७० झालं त्याचंच, आईसाठी रेशनकार्डावरची योजना वेगळी बघावी लागते. आणि दोघंही सत्तरीच्या वर असले तर ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नाही.

केंद्राच्या ऑफिसातून रिटायर होणाऱ्यांनी सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि फौजेतल्यांनी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) घाईघाईत सोडू नका, सत्तरीनंतर यातलं किंवा आयुष्मान, एकच निवडावं लागतं. आयुष्मानमध्ये फक्त भरती झाल्यावरचा उपचार असतो, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि ओपीडी त्यात येत नाही, सीजीएचएस-ईसीएचएसमध्ये येते. नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या कंपन्यांत राबलेल्यांना हे कुणी सांगतच नाही, की ईएसआयमध्ये (कामगारांच्या पगारातून कापला जाणारा राज्य विमा) किमान ५ वर्षं भरलेली असली आणि वयानं रिटायर झालात तर वर्षाला फक्त १२० रुपयांत नवरा-बायको दोघांचा उपचार चालू राहतो. एवढी वर्षं पगारातून कापून दिलेत, आता हक्क सोडू नका.

आता दवाखान्याचं. यादीत दवाखाना आहे म्हणून निघाले आणि तिथं गेल्यावर कळलं की किडनीसाठी आहे, हाडासाठी नाही, असं होतं, कारण दवाखान्याला कोणत्या उपचारासाठी मान्यता आहे ते वेगवेगळं असतं. निघायच्या आधी १४५५५ वर (आयुष्मान) किंवा १५५३८८ वर (महात्मा फुले) फोन करून आजाराचं नाव सांगून विचारा. तिथं पोचलं की पैसे भरायच्या काउंटरच्या आधी आरोग्यमित्राचं (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल शोधा, आधार आणि रेशनकार्ड त्याच्या हातात द्या आणि योजनेतून भरती करायचं आहे हे स्पष्ट सांगा. योजना कॅशलेस आहे, आधी भरून मग बिल जोडून परत घेऊ हे इथं चालत नाही. कुणी वरून पैसे मागितले तर त्याच नंबरवर तिथूनच तक्रार नोंदवा, डिस्चार्ज होईपर्यंत थांबू नका.